बांधीचं तोंड

तेजराम कापगते जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात ते व सुलोचनाबाई क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात राहायला गेले. घर भंडाऱ्याच्या बाहेर, वरठी रोडच्या आतल्या बाजूला, सोनल नगर नावाच्या लेआउटमध्ये होतं. सोनल ही लेआउट पाडणाऱ्या टेकचंद शेठची मुलगी. तिच्या नावाची लोखंडी कमान रस्त्यावर उभी होती आणि कमानीच्या आत शंभरेक प्लॉट होते. घरं मात्र बारा-पंधराच. बाकी सगळं गवत आणि कोपऱ्याकोपऱ्याला पुरलेले सिमेंटचे खुंट.

क्वार्टरमध्ये एकतीस वर्षं गेली होती. तिथं नळ गळला तर वहीत लिहायचं, दोन दिवसांनी माणूस पाना घेऊन दारात. चुना मारायचा तो सरकारनं, कौलं फिरवायची ती सरकारनं. तेजरामना त्यात काही कमी वाटत नसे. सुलोचनाबाईंना वाटे. भिंतीत खिळा ठोकायचा तरी त्यांचा हात अडखळायचा. "लोकायच्या घरात राहून राहिलो आपण," असं त्या दर दिवाळीला म्हणत. म्हणून तेजरामनी दहा वर्षांपूर्वीच हा प्लॉट घेऊन ठेवला होता आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं दर रविवारी फटफटीवर येऊन घर बांधून घेतलं होतं.

पहिलं वर्ष घराची ओळख होण्यात गेलं. बोअरला पाणी भरपूर लागलं, पण त्यात लोह होतं. महिनाभरात बादल्या तांबड्या झाल्या आणि तेजरामचे पांढरे सदरे चहात बुडवल्यासारखे दिसायला लागले, म्हणून फिल्टर बसवावा लागला. मागच्या दाराच्या चौकटीला उधई लागून लाकूड भुसभुशीत झालं. माकडांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण दोनदा पळवलं. रस्त्यावर दिवे नव्हते. ग्रामपंचायतीत विचारलं तर ते म्हणत लेआउट अजून आमच्याकडे आलंच नाही, आणि टेकचंद शेठ म्हणत आता ते पंचायतीनं पाहावं.

"घर बांधून झालं का खर्च संपला, असं मले वाटत होतं," तेजराम एकदा म्हणाले.

"पोरीचं लगन लावून देल्लं म्हणून का खर्च संपते?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "सणवार राह्यतेच ना जी."

त्यांना या खर्चांचं फार वाटत नसे. सकाळी उठून आपल्याच अंगणात सडा टाकायला मिळतो, एवढ्यावर त्या खूश होत्या. घराच्या कडेच्या पट्टीत त्यांनी वांगी, मिरच्या आणि शेवगा लावला होता. अडचण एकच होती, मोकाट जनावरं. एका दुपारी दोन गोऱ्ह्यांनी अख्खा वाफा तुडवला तेव्हा भिंत घालायचं ठरलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं, सचिननं, अर्धे पैसे पाठवले. फेब्रुवारीत पाच फूट उंचीची पक्की भिंत उभी राहिली. तिला फिकट हिरवा रंग दिला. मिस्त्रीनं विचारलं होतं, "खालून पाण्यासाठी जागा ठेवू का, साहेब?" तेजराम म्हणाले होते, "नको. साप-उंदरं येतीन."

भिंतीच्या पश्चिमेला लिलाधरचं घर होतं. टिनाचं छप्पर, दोन खोल्या आणि पुढं एक पडवी. लिलाधर चाळिशीचा, जातीनं ढिवर. करडीकडच्या तलावांवरून पहाटे मासे उचलायचा आणि दुपारपर्यंत भंडाऱ्याच्या बाजारात विकायचा. करडी हे तेजरामचं जन्मगाव, त्यामुळे पहिल्याच दिवशी दोघांची ओळख निघाली होती. लिलाधर तेजरामना काकाजी म्हणायचा. घरात त्याची बायको रंजू होती आणि आई रेवताबाई. रेवताबाईंची सत्तरी उलटली होती, पण पडवीत बसून त्या अजून लोकांची फाटलेली जाळी सांधून द्यायच्या. त्याचे चार पैसे त्या कमरेच्या पिशवीत ठेवायच्या आणि ते रंजूलाही दाखवत नसत. भिंत झाल्यावर रंजू आणि सुलोचनाबाई तिच्यावरूनच वांगी आणि मासे एकमेकींकडे देत. मधे भिंत आली याचं कोणाला काही वाटलं नाही.

मग पावसाळा आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुलोचनाबाईंना स्वयंपाकघराच्या फरश्या सकाळी ओल्या दिसू लागल्या. पुसल्या की तासाभरात पुन्हा ओल. नंतर भिंतीच्या खालच्या बाजूला हातभर उंचीचा काळपट पट्टा उमटला आणि रंगाचे पोपडे सुटायला लागले. तेजरामनी एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्यानं बोटानं भिंत खरवडली, मान हलवली आणि सांगितलं की फरशी काढून खाली केमिकल मारावं लागेल. फरशी काढली, केमिकल मारलं, पुन्हा फरशी बसवली. त्या आठ दिवसांत सुलोचनाबाईंनी हॉलमध्ये स्टोव्हवर स्वयंपाक केला. दहा दिवसांनी फरशीला पुन्हा घाम फुटला.

"मागच्या साली एक थेंब नव्हता," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अवंदाच काहून?"

मागच्या आणि यंदाच्या सालात काय फरक पडला, हे तोपर्यंत तेजरामच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते गच्चीवर. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता आणि ते टाकीचं झाकण पाहायला वर गेले होते. खालचं लेआउट पाण्यानं चकाकत होतं. टेकचंद शेठनं जमिनीवर मुरूम टाकून सरळ रस्ते आखले होते, चौकोनी प्लॉट पाडले होते. पण पाणी त्या चौकोनांत साचलं नव्हतं. ते जुन्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, आकारात साचलं होतं. एक बांधी, तिच्या कडेचा मातीचा वाकडा धुरा, त्याच्या खाली दुसरी बांधी. धानाच्या शेतात वाढलेल्या माणसाला हे वाचायला वेळ लागत नाही. वरच्या बांधीचं पाणी एका कोपऱ्याला जमून धुऱ्याच्या तोंडातून खालच्या बांधीत उतरतं. त्यांची नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे गेली. तिथं लिलाधरच्या मागच्या अंगणात पाणी गुडघ्याइतकं तुंबलं होतं आणि त्याच्यासमोर फिकट हिरवी भिंत आडवी उभी होती. भिंतीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, जमीन नुसती ओलसर होती.

लहानपणी करडीला त्यांनी हेच काम केलं होतं. पाऊस जास्त झाला की बाप फावडं हातात देऊन म्हणायचा, "तेजू, तोंड फोड, नाही तर धानाचे पऱ्हे सडतीन." ते धावत जायचे आणि धुऱ्याची माती बाजूला सारायचे. पाणी खळाळत सुटायचं. साठी उलटल्यावर, डोक्यावर टोपी आणि हातात टाकीचं झाकण घेऊन, त्यांना कळलं की आपण त्या तोंडात विटा आणि सिमेंट भरलं आहे. आपल्या स्वयंपाकघराला येणारी ओल त्याच तुंबलेल्या पाण्याची होती. ती जमिनीतून झिरपत पायाखाली आली होती. पण आपल्याकडे फक्त ओल होती. पलीकडे पाणी होतं.

ते खाली आले आणि काहीच बोलले नाहीत.

का बोलले नाहीत, याचा विचार त्यांनी नंतर पुष्कळदा केला. त्या दिवशी वाटलं की आधी खात्री करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी वाटलं की पावसाळा आता दोनच महिने उरला, मग उन्हाळ्यात निवांत काहीतरी करता येईल. नवी भिंत, मुलाचे पैसे, फरशीवर झालेला खर्च, हे सगळंही होतंच. पण खरं कारण दुसरं होतं. भिंत फोडायची म्हणजे मिस्त्रीनं विचारलं तेव्हा आपण काय उत्तर दिलं, ते सगळ्यांसमोर येणार होतं. धानवाल्याचा मुलगा आणि त्याला पाण्याची वाट दिसली नाही, असं लोक म्हणतील याची त्यांना लाज वाटत होती. आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

चार दिवसांनी लिलाधर फाटकाशी आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"काकाजी, तुमची पाण्याची मोटार भेटन का? घरात घुसलं जी पाणी. माय खाटेवर बसून आहे."

"ने ना," तेजराम म्हणाले. "वायर सांभाळून लाव. ओल्या हातानं बटन नको दाबू."

"माह्या घराची कुर्सी कमी पडली, काकाजी. पैसे नव्हते म्हणून जोतं दोन फुटांवरच थांबवलं. तुमी फॅक्टरीतले माणसं, तुमाले समजते. का केलं पाह्यजे?"

तेजराम म्हणाले, "मुरूम टाकून उंच कर." आणि आत निघून गेले.

लिलाधरनं दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. पाणी मुरमाला वळसा घालून परत आलं. जुलै ते ऑगस्ट त्यानं तीनदा मोटार नेली आणि तीनदा परत आणून दिली. दर वेळी धुऊन, पुसून. तिसऱ्यांदा मोटारीसोबत त्यानं एक डबा भरून झिंगे आणले. सुलोचनाबाईंनी ते भाताबरोबर रांधले. तेजरामनी जेवताना मान वर केली नाही. सुलोचनाबाईंना वाटलं, यांची तब्येत बरी नसावी.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पाऊस तीन दिवस लागून राहिला. तिसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून रंजूची हाक आली. रेवताबाई ओल्या जमिनीवरून घसरून पडल्या होत्या. लिलाधर बाजारात होता. तेजरामनी एक ऑटो बोलावली आणि सुलोचनाबाई व रंजू म्हातारीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. उजवं मनगट मोडलं होतं. दुपारी त्या कोपरापर्यंत प्लास्टर घालून परत आल्या. ऑटोतून उतरताना रेवताबाईंनी तेजरामकडे पाहून डाव्या हातानं नमस्कार केला, ऑटो बोलावल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तेजराम म्हणाले, "सुलोचना, मले एक सांगाचं आहे."

"सांगा ना."

"लिलाधरच्या घरात पाणी जाऊन राहिलं ना, ते आपल्या भिंतीनं जाऊन राहिलं."

"कोण म्हणते?"

"कोणी नाही म्हणत. मले मालूम आहे. तिथून पाण्याची वाट होती, ते आपण बुजवली."

सुलोचनाबाईंनी कप खाली ठेवला. "कवापासून मालूम आहे?"

"जुलैपासून."

भिंतीपलीकडे लिलाधरच्या टिनावर पावसाचा आवाज येत होता.

"भिंतीचं मले काही नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "भिंत मीच मांगितली होती, मीच म्हणते फोडा. पण दीड महिना? अन् त्या मायचा हात मोडल्यावर सांगून राहिले? त्यायच्या घरचे झिंगे खाल्ले जी आपण. मी तं अजून मीठ कमी आहे म्हणून इचारलं तुमाले."

तेजरामनी आपलाही कप बाजूला सारला.

"चला," त्या उठल्या. "मले नका सांगत बसू. ज्यायले सांगाचं त्यायले सांगा."

लिलाधरच्या पडवीत विटांवर खाट मांडली होती आणि रेवताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रंजू आतलं पाणी खराट्यानं बाहेर लोटत होती. लिलाधर मोपेडवर माशांचं रिकामं खोकं बांधत होता. आईचा हात मोडला म्हणून त्या दिवशी त्याला निघायला उशीर झाला होता. तेजरामनी उभ्यानंच सांगितलं. भिंतीचं सांगितलं, मिस्त्रीनं विचारलेलं सांगितलं, गच्चीवरून काय दिसलं ते सांगितलं. कधी दिसलं, तेही सांगितलं.

पहिल्यांदा रेवताबाईच बोलल्या.

"मले मालूम होतं, भाऊ."

रंजूचा खराटा थांबला.

"हे परसराम पाटलाची बांधी होती. आमचं लगन झालं तवापासून मी पाहून राहिली. पाणी उतराच्या दिवसांत लिलाधरचा बाप अन् मी या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावत होतो. सकाळी शेरभर बारीक मासे भेटत. तुमच्या भिंतीचा तिसरा खांब आहे ना, त्याच्या बुडाशीच होतं तोंड. ज्या दिवशी तुमी तिथं खड्डा खणला त्याच दिवशी मी मनात म्हटलं, आता पाणी कुठं जाईन?"

"मंग बोलल्या काहून नाही, माय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"याले सांगितलं असतं तं हा तुमच्या दारात जाऊन उभा झाला असता." म्हातारीनं लिलाधरकडे हनुवटी केली. "नदीवर भांडण झालं तं माणूस दुसऱ्या घाटावर जाते. घर का उचलून नेता येते, बाई? जलमभर तुमचं तोंड पाहाचं आहे आमाले, अन् तुमाले आमचं. म्हटलं, भाऊ करडीचा आहे, धानाचा माणूस आहे, त्याले आपोआप समजन. मी वाट पाहून राहिली होती."

तेजरामना वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिलाधरनं खोक्याची दोरी आवळली. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आईसमोर त्यानं आवाज चढवला नाही.

"काकाजी, तुमची मोटार मी तीन बार नेली. तीनही बार तुमी सांगितलं, वायर सांभाळ, ओला हात नको लावू. हे नाही सांगितलं."

आणि तो मोपेडला किक मारून निघून गेला.

मिस्त्रीला फोन केला तर तो दोन दिवसांनी येतो म्हणाला. तेजराम थांबले नाहीत. शेडमधून घन आणि सब्बल काढली, तिसरा खांब मोजला आणि त्याच्या बुडाशी घाव घालायला लागले. फॅक्टरीत हात चालवायची सवय होती, पण ती वीस वर्षांपूर्वीची. अर्ध्या तासात खांदे भरून आले. सुलोचनाबाईंनी वांग्याची झाडं मुळासकट उपटून एका टोपल्यात ठेवली. त्यांनी नवऱ्याशी एक शब्द काढला नाही, पण पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पहिली वीट सुटली तसं गढूळ पाणी पिचकारीसारखं आलं. चार विटा सुटल्यावर ते लोटायलाच लागलं. तेव्हा तेजरामना कळलं की घाईत एक गोष्ट राहून गेली. पाण्याला पुढं वाट करून दिलेली नव्हती. वाफा सोडून कडेच्या बाकी पट्टीत पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि त्यांचा उतार घराकडे होता. पाणी सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं. सुलोचनाबाईंनी पोत्याची चुंबळ करून उंबऱ्याशी लावली, तेजराम सब्बलीनं ब्लॉक उचकटायला लागले. एक निघाला की पाणी तिथं भरायचं आणि दुसरा दिसेनासा व्हायचा. वाकून वाकून त्यांचं कंबरडं मोडलं होतं आणि सेप्टिक टाकी मधे येत होती.

दोनच्या सुमाराला लिलाधरची मोपेड आली. तो भिंतीच्या पलीकडे थोडा वेळ उभा राहिला. मग आपल्या घरून फावडं घेऊन फाटकातून आत आला. कोणाकडे न पाहता त्यानं टाकीला वळसा घालून सरळ रस्त्याच्या नालीपर्यंत एक रेघ ओढली आणि त्या रेघेवर खणायला लागला. तेजराम त्याच्या मागून ब्लॉक आणि माती बाजूला सारत गेले. फाटकाजवळचा सिमेंटचा उतार आडवा आला तेव्हा लिलाधर थांबला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"हे फोडा लागन."

"फोड," तेजराम म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत पाणी नालीत पडायला लागलं. लिलाधरच्या अंगणातली पातळी डोळ्यांदेखत खाली गेली आणि मागे गाळ, एक चप्पल आणि रंजूचा हरवलेला कपडे धुवायचा ब्रश उघडा पडला. लिलाधरनं फावडं धुतलं आणि निघून गेला. सुलोचनाबाईंनी चहा टाकला होता, तो त्यानं घेतला नाही.

रात्री सचिनचा फोन आला. सुलोचनाबाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, जागा तुमची, भिंत तुमची. त्यांनी प्लिंथ कमी ठेवली ही त्यांची चूक आहे. तुम्ही भिंत फोडली म्हणजे चूक तुम्ही मान्य केली असा अर्थ होतो."

"मान्य केलीच आहे," तेजराम म्हणाले.

"ठीक आहे," सचिन म्हणाला. "पुन्हा पैसे लागले तर सांगा."

पैसे लागले. भिंत बांधायला जेवढे गेले होते त्याच्या दीडपट ती फोडून नीट करायला गेले. भिंतीखाली मोठा पाइप टाकला, त्याला उंदरांसाठी जाळी बसवली, टाकीला वळसा घालणारी पक्की नाली काढली, फाटकाचा उतार नव्यानं केला. त्या हिवाळ्यात रामेश्वरला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. वांग्यांचा वाफा गेला तो गेलाच, कारण आता त्या जागेवर नाली होती. सुलोचनाबाईंनी गच्चीवर कुंड्या मांडल्या आणि माकडांशी त्यांचं रोजचं भांडण सुरू झालं.

दिवाळीपर्यंत स्वयंपाकघराची फरशी कोरडी झाली. भिंतीवरचा पट्टा मात्र रंग दिल्यावरही पुसट दिसत राहिला.

लिलाधरला तेजरामनी नुकसानीचे पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. रंजूनं मात्र सुलोचनाबाईंना स्पष्ट सांगितलं, "काकी, ते नाही म्हणतेत, त्यायचा राग आहे. मले मुरूम पाह्यजे. दोन ट्रॉल्या तुमच्यापायी वाया गेल्या." चार ट्रॉल्या मुरूम आला आणि तिनं तो स्वतः उभी राहून पसरून घेतला. लिलाधर दिवाळीपर्यंत तेजरामशी बोलला नाही. भाऊबीजेच्या दिवशी फाटकाशी मोपेड थांबवून त्यानं विचारलं, "करडीच्या तलावाचा लिलाव कवा आहे, काही मालूम आहे का?" तेजरामना मालूम नव्हतं, पण त्यांनी गावात दोन फोन करून संध्याकाळी त्याला सांगितलं. त्यानंतर बोलणं सुरू झालं, पण ते मोजकं होतं.

रेवताबाईंचं प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं. पण अंगठा आणि पहिलं बोट पूर्वीसारखं मिटेना. जाळ्याची गाठ मारायला तीच दोन बोटं लागतात. तेजराम त्यांना घेऊन व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरकडे चार महिने दर सोमवारी गेले. ऑटोत म्हातारी त्यांना कोणत्या तलावात पूर्वी कोणता मासा यायचा ते सांगायची. बोटं थोडी सुधारली, पूर्ण नाही. लोकांनी जाळी आणून देणं कमी केलं. कमरेच्या पिशवीत आता काही पडत नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. तेजरामनी एकदा जाळ्यांचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वय झालं, भाऊ. कवा ना कवा थांबाच लागत होतं." तेजरामना ते उत्तर पटलं नाही आणि दुसरं मागायचा हक्क आपल्याला नाही, हेही त्यांना समजलं.

पुढच्या जूनमध्ये एका रविवारी स्कूटीवर एक जोडपं लेआउटमध्ये आलं. मुलीचं नाव नंदिनी. ती बपेऱ्याच्या शाळेत शिक्षिका होती, नवरा भंडाऱ्यात बँकेत होता. समोरच्या ओळीतला एक रिकामा प्लॉट त्यांना आवडला होता. तेजराम फाटकाशी उभे दिसले म्हणून त्यांनी विचारलं, "काका, इथं काही त्रास वगैरे नाही ना? पाणी साचतं का?"

तेजराम त्यांना आधी गच्चीवर घेऊन गेले. तिथून त्यांनी हातानं जुन्या बांध्या दाखवल्या. तुमच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून वरच्या तीन प्लॉटचं पाणी जातं, त्या बाजूनं चार फूट जागा मोकळी सोडा, आणि काहीही झालं तरी तिथं भिंत घालू नका, असं सांगितलं. लोहाचं सांगितलं, उधईचं सांगितलं, पंचायतीचं सांगितलं. नंदिनी मोबाइलवर टिपून घेत होती. तिच्या नवऱ्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे घेऊ नये?" त्यानं विचारलं.

"घ्या ना. जागा चांगली आहे, शेजारपाजार चांगला आहे."

"मग सगळं धरून खर्च किती येईल, काका? बांधकाम झाल्यावरचा?"

तेजरामनी खाली पाहिलं. पलीकडच्या पडवीत रेवताबाई डाव्या हातानं लसूण सोलत बसल्या होत्या.

"ते मले अजून समजलं नाही," ते म्हणाले. "चला खाली, चहा झाला असन."